चुन्यातला तळवा

कँटोन्मेंटमधल्या राणीच्या काळातल्या चर्चची डागडुजी बसवनगुडीत राहणाऱ्या वास्तुविशारद अश्लेषाकडे आली. तिथली दगडी भिंत, टोकदार कमानी, सागवानी छत सगळंच देखणं होतं. पण तिचा जीव जडला तो खांबांवर. घोटून घोटून आरसा केलेला चुना, आणि मागे कुणीतरी त्यावर ऑइलपेंट फासलेला.

तो खरवडताना निपाणीकडच्या मंजुनाथ गवंड्याला एका खांबावर चिमुकला तळवा उमटलेला दिसला. बांधकामाच्या वेळी कुणाच्या लेकराने ओल्या चुन्यावर टेकवला असावा. करंगळी आत वळलेली होती.

अश्लेषाच्या लेकीची, भूमिकाची करंगळी अशीच होती. चार वर्षांची असताना ती तापात गेली. घरातली सांजवात त्यानंतर कधी चुकली नाही, पण देवापाशी मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अश्लेषाने त्या तळव्यावर हात ठेवला. चुना गार असायला हवा होता. तो उबदार लागला.

मग रोज आल्याआल्या आधी तिथे हात टेकवणं, हा नेमच झाला. एकदा नोंदीसाठी तिने पुन्हा माप घेतलं, तर ते पहिल्या मापाशी जुळेना. तळवा वाढला होता.

"अक्का, टेप आकसला तुमचा," मंजुनाथ हसला. मग त्याने आपल्या टेपने मापलं, तर आकडा तिचाच आला.

चर्चवाल्यांना नाताळाआधी सगळ्या खांबांवर नवा चुना हवा होता. हा एक खांब सोडून बाकीचे झाले. याच्यासाठी अश्लेषा रोज नवं निमित्त काढायची. चुन्यातली बोटं लांबत गेली. शाळकरी पोरीची झाली, मग कॉलेजातल्या मुलीची. आज भूमिका असती, तर हात एवढाच असता.

"अक्का, स्वल्प ऐका," मंजुनाथ अखेर म्हणाला. "उद्या झाकतो मी हा. तुम्ही येऊ नका."

"का, अण्णा?"

तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

"सरी," मान डोलावत एवढंच म्हणून ती घरी आली.

दिवा लावायला तिने हात पुढे केला.

बांगडीवाल्याने चेपून चेपून भरलेल्या हिरव्या बांगड्या अलगद निसटून पाटावर पडल्या.

तिने हात उजेडात धरला. बोटांच्या मुळाशी खळ्या पडल्या होत्या, तान्ह्या मुलांच्या हाताला पडतात तशा.

तिने मंजुनाथला फोन लावला. फोन तिच्या एका हातात मावेना.

"अण्णा, उद्या राहू दे तो खांब," ती हळूच म्हणाली. "मला अजून भेटायचंय तिला."