डब्ल्यूसाठी ओठांचा चंबू

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकली, तेव्हा आत इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या मॅडम एकट्याच होत्या. दुसरं कुणी असतं तर आरडाओरडा केला असता. मॅडमनी वेळ सत्कारणी लावला. पर्समधून हातआरसा काढला आणि संध्याकाळच्या क्लासची तयारी सुरू केली.

"व्हेस्ट... वेस्ट... व्हेस्ट..."

वरून दार किलकिलं झालं. "नटणं नंतर करा, आधी हात द्या."

"मी नटत नाहीये! काम करतेय!"

लिफ्ट दुरुस्तीवाल्याने त्यांना वर ओढलं. बाहीला काळंकुट्ट ग्रीस लागलं. मॅडम त्यावरही रागावल्या. रागावण्याची हौस होती असं नाही, पण आलेली संधी दवडणं स्वभावातच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तो क्लासात हजर! परदेशी लिफ्ट कंपनीत नोकरीची संधी होती, इंग्रजीची तोंडी परीक्षा आडवी येत होती.

मॅडमच्या क्लासात प्रत्येकाच्या हातात आरसा असे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला दात झाकून ओठांचा चंबू. त्याचा व्ही झकास. डब्ल्यूपाशी मात्र गाडी अडली.

"अहो, चंबू करा!"

"तुमच्यासमोर?"

"मग काय भिंतीसमोर?"

"एवढ्याशा ओळखीत बरं दिसत नाही, मॅडम."

क्लासात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या काकू कळवळून म्हणाल्या, "अरे बाबा, गरम चहा फुंकल्यासारखं कर की!"

त्याने फुंकलं, मॅडमकडे पाहिलं... आणि चंबूचं हसू झालं. पुन्हा चूक.

काकूंनासुद्धा डब्ल्यू आला, याला येईना. मॅडम त्याला क्लास सुटल्यावर थांबवू लागल्या. थांबवावं लागतं याचा राग, आपल्यालाही थांबायला आवडतं याचा त्याहून जास्त.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिना चढताना मॅडमना लिफ्टच्या पोकळीतून आवाज आला — "व्हेस्ट... वेस्ट... व्हेस्ट... वेस्ट..." एकदम स्वच्छ, निर्दोष!

"वर या आधी!"

तो आला. नाकावर ग्रीस.

"कधीपासून येतंय हे?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"आणि इतके दिवस चारचौघांत माझ्या शिकवण्याची अब्रू काढलीत?"

"बरोबर आलं की क्लास संपतो, मॅडम. पास झालो की परदेशी जायचं. मग... तुम्ही कुठे दिसणार?"

मॅडम भडकल्या.

"म्हणजे माझ्यासाठी नापास व्हायचं, आणि मलाच विचारायचं नाही? माझा विद्यार्थी, आणि डब्ल्यूत आपटणार? उद्या एक जरी चूक केलीत, तर तोंड बघणार नाही तुमचं!"

"आणि नाही केली तर?"

"तर..." त्यांनी आरसा पर्समधून काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. "तिकडच्या लोकांना म्हणे 'ळ' म्हणताच येत नाही. हा काय प्रकार आहे! कुणीतरी जाऊन शिकवायला नको?"

"म्हणजे, मॅडम, तुम्ही —"

"म्हणजे काय म्हणजे! आधी चंबू करा, बघू."

त्याने केला. अजिबात न हसता. नमुनेदार.

खात्री करायला मॅडमनी घाईघाईने आरसा समोर धरला... तो उलटा. त्यात त्यांचाच चेहरा दिसला — चक्क लाजलेला.

मॅडमना त्याचाही रागच आला.