वाळ्याचा पडदा आणि दोन काटे

एसी पूर्ण जोरात चालू होता आणि तरी गाडी तापत चालली होती. हे कोडं शलाकाला काही केल्या सुटेना.

ती मागच्या सीटवर मांडीवर ट्रे घेऊन बसली होती. ट्रेमध्ये रेशमाच्या इवल्या इवल्या अळ्या होत्या. अंड्यांतून बाहेर आल्यापासून दुसरी कात टाकेपर्यंत शलाकानेच त्यांना कोवळा तुतीचा पाला बारीक चिरून भरवला होता. बारा वर्षांच्या मुलीने एकटीने वाढवलेल्या या पहिल्याच अळ्या आज अंबडच्या शेतकऱ्याकडे जायच्या होत्या. त्यांना सव्वीस-सत्तावीस अंश लागतात. गाडीतला आकडा तेहतीसवर गेला होता. पाला खाताना त्या बारीक सरसर आवाज करतात, तोही थांबला होता.

“पहाटे तर कसं गारेगार होतं,” भास्करमामा म्हणाले. गाडी आपली आपणच चालत होती, पण जुन्या सवयीने मामांचे हात सुकाणूवरच होते. “गॅस संपला असंल. भरून घेऊ, झालं.”

अंबडच्या अलीकडे लिंबाखाली एक चार्जिंगची शेड होती. तिथे एक जुना यंत्रमानव काम करायचा. त्याच्या छातीवर दाब मोजणाऱ्या दोन गोल तबकड्या होत्या, एक निळी आणि एक तांबडी. येणारे-जाणारे त्याला नाडीकाका म्हणत.

“गॅस भरा जरा,” मामा म्हणाले.

“आधी नाडी, मग औषध,” नाडीकाका म्हणाला. त्याने बॉनेट उघडून दोन नळ्या एसीच्या दोन पाइपांना जोडल्या. तबकड्यांवरचे काटे हलले. निळा पंच्याहत्तरवर थांबला, तांबडा तीनशे सत्तरवर.

“म्हणजे किती वाईट?” शलाकाने विचारलं.

“आजच्या उन्हात निळा पन्नासच्या आत आणि तांबडा अडीचशेच्या आसपास हवा. गॅस कमी असता, तर दोन्ही काटे खाली पडले असते. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) थकला असता, तर निळा वर आणि तांबडा खाली दिसला असता. इथे दोन्ही चढलेत.”

“मग वरून आणखी गॅस भरला असता तर?”

“आगीत तेल,” नाडीकाका म्हणाला. मामांनी हळूच डोक्याची टोपी सारखी केली.

“दोन्ही का चढलेत?”

“ते तूच शोध. तो तांबड्याचा पाइप भाजेल, त्याला शिवू नकोस. या दुसऱ्यावर हात ठेव आणि डोळे मिट. समज, तू त्या पाइपातला गॅस आहेस.”

शलाकाने डोळे मिटले. लिंबाची पानं सळसळत होती. नाडीकाकाचा आवाज लांबून येत असल्यासारखा वाटू लागला.

“सुरुवातीला तू द्रव आहेस. एका बारीक भोकातून तू गाडीच्या आतल्या नळ्यांत शिरलीस. भोकापलीकडे दाब एकदम कमी, म्हणून तू उकळून वायू झालीस. ओलं अंग वाळताना गार लागतं ना? पाणी जाताना उष्णता घेऊन जातं. तूही तशीच आतल्या हवेची उष्णता उचललीस.”

शलाकाला वाटलं, आपण ट्रेवरून झुळकीसारखं जातोय आणि एकेक अळी तिची इवलीशी ऊब आपल्या पाठीवर ठेवतेय.

“आता कॉम्प्रेसरने तुला दाबलं. तू फार तापलीस. चल पुढे, गाडीच्या नाकाशी कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आहे. तिथे बाहेरची हवा तुझ्या पाठीवरचं ओझं उतरवून घेते. मग तू पुन्हा द्रव. एसी थंडी बनवत नाही, पोरी. तो उष्णतेचा हमाल आहे.”

शलाका मनाने त्या जाळीत जाऊन उभी राहिली. पंख्याची घरघर ऐकू येत होती, म्हणजे पंखा ठीक होता. मामांनी दोन वर्षांत गॅस भरला नव्हता, म्हणजे तो जास्तही झालेला नव्हता. पण ओझं उतरवायला वारा कुठे होता? वारा येतच नव्हता. येत होता तो फक्त एक वास, ओळखीचा, गोड, मातकट.

तिने खाडकन डोळे उघडले. “वाळा.”

गाडीच्या नाकावर वाळ्याचा जाड पडदा बांधलेला होता. घरी उन्हाळ्यात खिडकीला लावतात तोच. अळ्यांना गार वाटावं म्हणून शलाकानेच तो पहाटे भिजवून बांधला होता, आणि मामांनी गावभर तिच्या डोक्याचं कौतुक केलं होतं. आता तो वाळून, धूळ खाऊन कडक झाला होता.

“मीच त्यांचा वारा अडवला,” ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

“ओला होता तोवर त्याने थोडी साथ दिली असेल,” नाडीकाका म्हणाला. “घरात त्याला कुणीतरी सारखं पाणी मारत असतं. आणि चूक माझीही आहे. माझे डोळे जुने झालेत. मला वाटलं, पोळ्याच्या बैलासारखी गाडी सजवलीय.”

शलाकाने गाठी सोडून पडदा उतरवला. तांबडा काटा उतरू लागला. तीनशे, दोनशे ऐंशी, अडीचशे. मागोमाग निळाही पंचेचाळीसवर आला. गाडीतला आकडा सावकाश सत्तावीसवर पोचला. तिने ट्रेला कान लावला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एका कोपऱ्यातून सरसर सुरू झाली, आणि हळूहळू सगळा ट्रे पाला खाऊ लागला.

“नाडीकाका,” निघताना तिने विचारलं, “चंद्रावर तर हवाच नाही. तिथल्या घरातल्या उष्णतेचं ओझं कोण उतरवून घेणार?”

“आभाळच घेईल. मोठाले पत्रे उघड्यावर पसरायचे, की उष्णता न दिसणाऱ्या उजेडासारखी निघून जाते. तुला रेशमाचे किडे तिकडे न्यायचेत का?”

शलाकाने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग तिला काहीतरी आठवलं. ती पुन्हा खाली उतरली, पडदा झटकला, लिंबाखालच्या हौदात बुडवला आणि नाडीकाकाच्या शेडच्या वाऱ्याकडच्या खिडकीला बांधला.

“याला पाणी मारत राहायचं हं,” ती म्हणाली.

गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा तो जुना यंत्रमानव हातात तांब्या घेऊन पडद्यासमोर उभा होता.