शंखगडाची चाळिशी

पहाट फुटली तेव्हा शंखगडाच्या पाण्यात तेच गलबत, त्याच जागी, सतराव्या दिवशीही उभे होते. तटावरच्या गोलंदाजांना आता त्याच्याकडे पाहण्याचाही कंटाळा आला होता. समोरच्या खडकावर रोज सकाळी पाण्याची पिंपे आणि तांदूळ ठेवायचे, होडी दूर न्यायची, मग गलबतावरच्यांनी ते उचलायचे, असा क्रम चालू होता. बसऱ्याकडे गाठीच्या तापाने गावेच्या गावे ओस पडली होती, आणि तिकडून येणारे जहाज चाळीस दिवस बाहेर ठेवावे, असा खुद्द दरबारचाच हुकूम होता. लोक त्याला चाळिशी म्हणत.

अडचण एवढीच, की या गलबतावर दसऱ्याच्या स्वारीचे चोवीस घोडे होते, आणि दरबारचे वकील सखोपंत दिघे होते.

किल्लेदार रवळोजी घाग होडीतून गलबतापासून वीस हातांवर येऊन थांबले. सोबत नायब अंतोजी पारकर होते. गेले सतरा दिवस रवळोजींना धड झोप नव्हती.

"किल्लेदार," सखोपंत कठड्यावरून म्हणाले, "वाटेत फिरंग्यांच्या बंदरात आम्हांस सहाव्या दिवशी मोकळे केले. हा त्यांचा शिक्क्याचा कागद. ज्यांनी ही चाळिशी काढली त्यांच्याहून आपण शहाणे?"

रवळोजींनी सुकाणूपाशी बसलेल्या हुसेन तांडेलाला विचारले, "तांडेल, फिरंग्यांचा वैद्य वर आला होता?"

"वर? छे! नाकाला रुमाल लावून होडीतूनच बघत होता. पंतांना सहा दिवसांत सोडलं, माझ्या खलाशांना पुरते चाळीस ठेवलं. ताप माणूस बघून येतो ना, साहेब!"

"आणि मस्कतेस?"

"तिथला वाली, म्हणजे सुभेदार, कडक. एक माणूस उतरू दिला नाही. पण पाणी विकणाऱ्या बाया दिवसातून चारदा गलबतावर. त्यांना कोण अडवणार? वालीलाही पाणी त्याच देतात."

अंतोजी हसले. रवळोजींना हसू आले नाही. हुकूम सगळीकडे एकच होता. प्रत्येक बंदराने त्याला आपापल्या सोयीचे भोक पाडले होते. इथले भोक कुठे पडणार, हे त्यांना आता दिसत होते.

"पुरे झाले," सखोपंत म्हणाले. त्यांच्याजवळ दरबारच्या शिक्क्याची कोरी सनद होती; ती त्यांनी रात्रीच भरली होती. "आपणांस किल्लेदारीवरून दूर केले आहे. गड आमच्या हवाली करावा. रिवाज आपण जाणता. सनद मस्तकी लावून घ्यायची, किल्ल्या स्वहस्ते द्यायच्या. वर या."

सनद नाकारणे म्हणजे फितुरी. रवळोजी अंतोजींना हळूच म्हणाले, "दरवाजाला आतून अडसर घाला. गलबतावरचा माणूस चाळीस दिवस उतरता कामा नये. कोणीही असो."

"आणि आपण?"

"मी आता गलबतावरचाच."

"रवळोजीराव, घरी वहिनींना काय सांगू?"

"जेवून घ्या म्हणावं. वाट बघू नका."

ते दोराच्या शिडीने वर चढले, सनद मस्तकी लावली, कमरेचा जुडगा सोडून सखोपंतांच्या हाती दिला आणि मुजरा केला.

"आपण किल्लेदार झालात, पंत. फक्त अडसराला किल्ली लागत नाही."

सखोपंतांना समजायला क्षण लागला. मग ते ओरडले, "तांडेल, नांगर उचला!" साखळी खडखडली. तोवर अंतोजींची होडी गडाला लागली होती. बुरुजावर धूर दिसला आणि गोळा गलबतापुढे दहा हातांवर पाण्यात पडला. घोडे खिंकाळले. हुसेन तांडेलाने शांतपणे नांगर पुन्हा सोडला.

"पंत, अंतोजींचा दुसरा गोळा चुकत नाही," रवळोजी म्हणाले. "आपण बसा."

विसाव्या दिवशी एका खलाशाच्या काखेत गाठ आली. नंतरच्या पंधरा दिवसांत एकतीस माणसांपैकी अकरा गेले. प्रेते गाडायला जागा नव्हती. ती दगड बांधून पाण्यात सोडली. सखोपंतांना ताप चढला तेव्हा त्यांच्या तोंडात पेज घालायला रवळोजीच होते. सखोपंत वाचले. शेवटच्या रोग्यापासून पुन्हा चाळीस दिवस मोजले गेले. दसरा केव्हाच उलटून गेला होता.

गडाखालच्या गावात चार हजार माणसे होती. त्यांतले कोणीही आजारी पडले नाही.

सखोपंतांनी दरबारी जाऊन घडले ते सगळे सांगितले. उत्तर महिन्याने आले. गावात एकही मनुष्य दगावला नाही, त्याअर्थी साथ नव्हतीच. अकरा असामी समुद्राच्या हवेने गेले असावेत. स्वारीचे घोडे विनाकारण अडवले, सबब रवळोजी घाग यांची बडतर्फी कायम. यापुढे सरकारी गलबतांस चाळिशी माफ.

अंतोजींनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. "खोटं आहे हे! साफ खोटं!"

गलबतावरच्या दिवसांनंतर रवळोजी अजून अशक्त होते. भिंतीला टेकून बसले होते.

"पहिलं वाक्य पुन्हा वाचा," ते म्हणाले.

"गावात एकही मनुष्य दगावला नाही."

"तेवढं खरं आहे," रवळोजी म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.