मरणसंकेत

तिलारीच्या वरच्या खोऱ्यात विजेच्या दुहेरी कुंपणाआड नऊ झाडं उभी होती. २०७१ साली त्या जातीचे सायकस, म्हणजे ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडं, जगात तेवढेच उरले होते, आणि नऊच्या नऊ नर होते.

सायकसमध्ये नर आणि मादी अशी वेगवेगळी झाडं असतात. या जातीच्या माद्या माणसाने औषधी बियांपायी संपवल्या. नरांची पानं लग्नमंडपांच्या कमानींना गेली. बुंध्याला फुटणारे कोंब लावता येत, पण ती त्याच झाडाची नक्कल, तीही नरच. बी असं एकतीस वर्षांत धरलंच नव्हतं.

"उपाय एकच आहे," डॉ. नीरजा साबडे वनरक्षक शेवंती गावसला म्हणाल्या. "आपण मरतोय असं झाडाला जाणवलं, की त्याच्या पेशींत एक खटका पडतो. मी त्याला मरणसंकेत म्हणते. मग तेच नर झाड पुढच्या बहराला मादी होऊ शकतं."

"मगे कसलातरी औषध घालून फसवा तेका."

"खोटं मरण त्याला कळतं, शेवंतीबाई. मुळं तोडावी लागतील, शेंडा भाजावा लागेल. सहा झाडांना हे करायचं. तीन परागांसाठी राखू."

"बावीस वर्सां राखलंय मी तेंका. चोराची कुऱ्हाड खांद्यार घेतलंय. आता मीच तोडू?"

"नाही तोडलंत, तर नऊही बी न देता म्हातारी होऊन मरतील. आणि त्यांची मुळं दुसऱ्या कुणाच्या हाताला ठाऊक नाहीत."

शेवंती तीन दिवस कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली ती कोयत्याला धार लावूनच.

पाच झाडं मेली. सहाव्याच्या जळक्या शेंड्यातून दुसऱ्या वर्षी तपकिरी लव असलेली आखूड पानं फुटली, त्यांच्या काठांना बी धरणाऱ्या गाठी. झाड मादी झालं होतं. शेवंतीने राखलेल्या नरांचा पराग ब्रशने लावला. चौदा रोपं उगवली, त्या दिवशी तिने अख्ख्या तपासणी नाक्याला खापरोळ्या खाऊ घातल्या.

मग प्रयोगशाळेचा निकाल आला.

"चौदाही नर," नीरजाबाई म्हणाल्या. "मादीपण देणारं गुणसूत्र शेवटच्या मादीबरोबरच गेलं. घाव घातला तर झाड बी देतं, पण मुलगी देत नाही."

"म्हणजे ह्या पोरांकाय घाव...?"

"तीस वर्षांनी वयात येतील तेव्हा. मग त्यांच्या पोरांना. दर पिढीला." त्यांनी रेकॉर्डर सुरू करून टेबलावर ठेवला. "तेव्हा आपण दोघी नसू. घाव किती खोल घालायचा, कुठे थांबायचं, हे फक्त तुम्हाला माहीत आहे."

शेवंतीने रेकॉर्डर आपल्याकडे ओढला.

"पयलां ह्या लिवन घेवा," ती म्हणाली. "राखणदार दर वर्साक बदला. माया लागली, की घाव उथळ पडता."