हौसाबाईंचा उंदीर आणि विहिणीचं माडगं

हौसाबाई तुपे यांचा उंदीर खंगत चालला होता आणि त्या स्वतः मात्र दवाखान्याच्या बाकावर खुशाल शेंगा सोलत बसल्या होत्या. सांगलीच्या त्या रुग्णालयात पोटाचं मोठं दुखणं असलेल्या प्रत्येक माणसाचा एक छायाउंदीर असे. जन्मापासून एकही जंतू न शिवलेल्या उंदराच्या पोटात रुग्णाच्या आतड्यातले जंतू सोडायचे, रुग्ण खाईल तेच त्याला निर्जंतुक करून खाऊ घालायचं. पंधरवड्यात त्याला रुग्णाचंच दुखणं जडे. मग औषध आधी त्याच्यावर करून बघायचं. बिचाऱ्याला कुणी विचारत नसे, पण त्याच्या जिवावर माणसं वाचत होती हे खरं.

हौसाबाईंच्या मोठ्या आतड्याला सूज होती, सहा महिने रक्त पडत होतं. उंदरावर एकामागून एक तीन औषधं फसली, तेव्हा येत्या गुरुवारी आतडं काढून पोटाला कायमची पिशवी लावायचं ठरलं. उपचारासाठी त्या लेकीच्या घरी राहत होत्या. लेक अनुपमा पथ्याला कडक. पेज, दुधी, मऊ भात, एवढंच द्यायची आणि तेवढंच वहीत लिहून उंदराकडे धाडायची.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत मात्र भलतंच निघालं. हौसाबाईंचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं, रक्त थांबलं होतं; वहीतलं खाणारा उंदीर मात्र खंगतच होता.

“उंदराला खोटं बोलता येत नाही,” डॉ. तबस्सुम नदाफ म्हणाल्या. “वहीत कुणीतरी थापा मारल्यात.”

अनुपमाचा चेहरा उतरला. हौसाबाईंनी खाली मान घालून कबुली दिली. लेक कामावर गेली की तिची सासू शेवंताबाई वाटीभर हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं कढण, पुढे ठेवत. हौसाबाईंना हुलगा मुळीच आवडत नसे, पथ्य मोडतंय हेही कळत होतं. पण लेकीच्या घरी राहून विहिणीनं दिलेली वाटी परत करणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

“लेकीचा संसार हाय तो,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोटापायी तिला सासूची बोलणी कशाला खायला लावू?”

डॉक्टरांनी गुरुवार पुढे ढकलला आणि उंदराला माडगं सुरू केलं. नवव्या दिवशी तो पिंजऱ्याच्या जाळीवर चढून बसला. त्याच्या आतड्याची सूज ओसरली होती. हौसाबाईंच्या पोटात एका जातीचे जंतू पेजेवर उपाशी मरत होते. हुलग्याचा चोथा मिळताच ते कामाला लागले आणि आतड्याचं अस्तर भरून काढणारं आम्ल बनवू लागले. हुरळून डॉक्टरांनी आणखी बारा छायाउंदरांना माडगं दिलं. एकाला मानवलं, दोघांना हगवण लागली, बाकीच्यांना काहीच फरक पडला नाही. ज्याचे त्याचे जंतू आणि त्या त्या जंतूंची आवड.

शस्त्रक्रिया रद्द झाली. अनुपमा आधी आईवर खूप रागावली आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडली. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

शेवंताबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं. माडगं न मानवलेल्या उंदरांच्या अकरा पिंजऱ्यांकडे त्यांनी बोट दाखवलं.

“डॉक्टरबाई,” त्या म्हणाल्या, “ह्यांच्या माणसांना काय मानवतं ते शोधायला, तेवढ्या विहिणी कुठनं आणणार तुम्ही?”