दहाव्याच्या दिवशीची हाक

देवापुढे निरांजन लावून मगच लिहायला बसले आहे. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

माझी भाची वर्षाली, तिच्यावर हे गुदरलं. गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार, माझा उपासाचा दिवस. गाव मालवण. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

वर्षाली तिथल्या एका मच्छीमार संस्थेत प्रोग्रॅम लिहिते. संस्थेच्या नेटवर्कवर डिरेक्टरी असते, म्हणजे सगळ्या माणसांच्या नावांची कोठीच म्हणा. कुणी कामाला बसलं, की प्रोग्रॅम त्या कोठीला विचारतो, हा माणूस आपला आहे ना?

ती कोठी काशीराम सांभाळायचा. नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीला वर्षालीला एक नाव हवं होतं.

"माझा घाल गो," तो हसत म्हणाला. "मी खंय जातंय?"

तिने घातलं. "आहे" असं उत्तर आलं नाही तर पुन्हा विचार, येईपर्यंत विचारत राहा, असंही लिहून ठेवलं.

आणि काशीराम गेला.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढता ओढता वाळूत बसला, तो उठलाच नाही.

त्याच्या जागी गुरुप्रसाद आला. त्याने रीतीप्रमाणे काशीरामचं नाव कोठीतून काढलं. प्रोग्रॅम मात्र चालूच राहिला. त्या दुःखात वर्षालीच्या ध्यानातही आलं नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला.

कावळा शिवेना.

माडांवर कावळेच कावळे... पण एकाच्याही तोंडून आवाज नाही.

भावाने पोरांना सांभाळायचा शब्द दिला. बायकोने पदर पसरला. ऊन डोक्यावर आलं.

तेव्हा त्याची आई, राधाबाई, हळूच म्हणाली, "कोणतरी तेका हाक मारता हा. तो जातलो कसो?"

वर्षालीच्या पायाखालची वाळू सरकली. तिला प्रोग्रॅम आठवला.

ती धावत ऑफिसात आली. सगळे खाडीवर, आत चिटपाखरू नाही. पडद्यावर ओळी सरकत होत्या. काशीराम आहे का? नाव सापडलं नाही. काशीराम आहे का? नाव सापडलं नाही...

अहोरात्र. नाव काढल्यापासून.

तिने प्रोग्रॅम बंद केला.

पडदा कोरा झाला.

मग खाली... एक ओळ उमटली.

आहे.

विचारणारं कुणीच नव्हतं.

आहे.

खोलीत ओल्या जाळ्याचा वास भरला. वर्षालीने डोळे मिटून हात जोडले.

"काशीरामदादा, मी चुकलंय. आता कोण हाक मारूचो नाय. जावा तुमी."

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग फोन वाजला. गुरुप्रसाद होता.

"ये गो. शिवलो कावळो. एकच नाय, सगळे उतरले."

या गोष्टीला वर्ष होत आलं. चाचणीला ती आता कुणा माणसाचं नाव घालत नाही. पण एखाद्या दिवशी, काहीही विचारलेलं नसताना, पडद्यावर ओळ उमटते...

आहे.

नाव नसतं.

वर्षाली कीबोर्डवरचे हात काढून घेते.

कोण, म्हणून विचारत नाही.