उंदरानं कुरतडलेली वायर

"सॉकेट चांगलं हाय. दोष त्याच्या मागं असणार."

शांती नगरमधल्या बंटीच्या दुकानात मी महिन्याभरातलं दुसरं सॉकेट परत करायला उभी होते. बंटी हिंदीत सांगत होता की भाभी, बिजली का सामान वापस नहीं होता, मी मराठीत भांडत होते, आणि हे वाक्य आमच्या दोघांच्या मधोमध येऊन पडलं. वळून पाहिलं तर खांद्यावर वायरचं बंडल घेतलेला, भिजलेला एक उंच माणूस. भुवयांवर भिंतीची पांढरी धूळ, ती पावसानंही गेली नव्हती.

त्यानं विचारलं, त्यावर काय चालतं? मी सांगितलं, माझ्या मुलीचं नेब्युलायझर. ऑगस्ट लागला की मिनूची छाती भरते, आणि नेमकं तेव्हाच ते कधी चालतं, कधी नाही. मग त्यानं विचारलं, जवळ लोखंडाचं काही आहे? कपाट आहे म्हटलं. हात लावला की मुंग्या येतात?

येत होत्या. गेला महिनाभर मी समजत होते की झोप नसल्यामुळे माझाच हात बधिर होतोय.

"चला," तो म्हणाला. "आत्ताच बघतो."

छत्री एकच होती. मी अर्धी पुढे केली, तर म्हणाला, मी भिजलेलाच हाय, वायर भिजायला नको. आणि अख्खा रस्ता स्वतः पावसात चालत, हात लांब करून, वायरचं बंडल तेवढं त्यानं माझ्या छत्रीखाली धरलं. नाव ग्लेन. समुद्रकाठच्या उत्तनचा. रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाली की दुपारपर्यंतच काम घेतो. हे सगळं त्यानं सांगितलं, पण एकदाही मला ताई म्हणाला नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गॅसवाला… सगळे म्हणतात. माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचीच मला लाज वाटली.

घरात अण्णा होते. माझे सासरे, धर्माजी अण्णा. माझा नवरा रोहित गेल्यापासून खिडकीशी खुर्ची टाकून टीव्हीपुढे बसतात, बघत काहीच नाहीत. लाइन उघडायची म्हटल्यावर मात्र उठून उभे राहिले.

"ती लाइन माझ्या रोहितनं स्वतः ओढलीय. बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही."

रोहित कुरियरच्या ऑफिसात होता, वायरमन नव्हता. पण मिनू झाली तेव्हा पाळण्याजवळ सॉकेट हवं म्हणून त्यानं हॉलमधून लाइन आणली होती. पुढच्या पावसाळ्यात हायवेवर, वरसावेजवळ त्याची बाईक घसरली आणि तो गेला. त्याला दोन वर्षं झाली. अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते सॉकेट दाखवतात. बघा, माझ्या पोराचं काम.

मला वाटलं, आता हा माणूस वाद घालेल नाहीतर निघून जाईल. ग्लेन अण्णांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. तुमच्या मुलानं लाइन कशी नेली, मला सांगाल का, म्हणाला. मग अण्णा बोलत राहिले… हॉलच्या बोर्डातून वर, दारावरून डावीकडे, कपाटामागून खाली. ग्लेन हवेत बोट फिरवत त्यांच्या मागोमाग जात होता. इथून वळवली? नाही, जरा पुढून. सांधा कुठं दिला? कपाटामागं, वायर पुरली नव्हती. भिंत न फोडता त्यानं सगळा माग काढला. रोहितबद्दल इतकं सलग कुणी अण्णांना विचारलंच नव्हतं.

मग त्यानं उठून कपाटाला टेस्टर लावला. आतला लाल दिवा मिणमिणला.

अण्णांनी ते पाहिलं. खाली बसले. "म्हणजे माझ्या पोराच्या हातून… मिनूला…" मिनू येऊन त्यांच्या मांडीवर आडवी झाली. त्यांनी तिचे पाय आपल्या पंच्यात गुंडाळून घेतले.

ग्लेन एवढंच म्हणाला, आधी उघडून बघूया.

मेन स्विच पाडला तशी दुपार एकदम काळोखली. ढग खिडकीपर्यंत उतरले होते. कपाट दोघांनी मिळून सरकवलं. मी टॉर्च धरला, त्यानं वायरीवरचं अर्धवट सुटलेलं प्लास्टिकचं झाकण काढलं. दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या, आणि त्यावर काळ्या टेपऐवजी पांढरी, आता पिवळी पडलेली पट्टी. दवाखान्यातली. सलाइनची सुई हलू नये म्हणून लावतात ना, ती. ओलीनं मऊ होऊन सुटली होती आणि उघडा सांधा कपाटाच्या पत्र्याला टेकला होता.

ती पट्टी मी ओळखली. बाळंतपणाहून घरी येऊन आठच दिवस झाले होते. रोहित स्टुलावरून ओरडला, काळी टेप संपली. मी दवाखान्याच्या पिशवीतून ही काढून दिली. चालेल का, विचारलंही होतं. तो म्हणाला, आजच्यापुरती चालेल, उद्या बदलतो.

टॉर्चचा उजेड भिंतीवर हलायला लागला. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी हलतच राहिला. ग्लेननं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पकडीनं सांधा कापला, मुठीत घेतला, खिशात टाकला आणि हॉलकडे बघून म्हणाला,

"अण्णा, उंदरानं कुरतडलीय. काम पक्कं होतं."

हॉलमध्ये खुर्ची करकरली. मग अण्णांचा आवाज आला, दोन वर्षांत मी न ऐकलेला. "चौथ्या मजल्यावरसुद्धा येतात मेले. मी म्हणतच होतो. बदला सगळी वायर, आमच्या पोरीला जपायला पाहिजे."

दोन तास तो काम करत होता. नवी लाइन टाकली, पूर्वी नव्हती ती अर्थिंगची हिरवी वायरही जोडली. टेस्टर पुन्हा कपाटाला लावला. दिवा लागला नाही. मीही तळवा ठेवून पाहिला. गार पत्रा, बाकी काही नाही.

स्वयंपाकघरात चहा देताना मी हळूच विचारलं, "उंदीर चिकटपट्टी लावतो का?"

त्यानं बशीत चहा ओतला. "आमच्या उत्तनचे लावतात."

मी हसले. आणि हसता हसताच रडायला लागले. ओट्याकडे तोंड करून त्याला सांगितलं, ती पट्टी मी दिली होती. एकट्या रोहितची चूक नाही, माझीही. हे मी कुणाला सांगणार होते? तो जवळ आला नाही. नळ तेवढा सोडला, हॉलमध्ये आवाज जाऊ नये म्हणून.

"तीन पावसाळे धरून ठेवलं त्या पट्टीनं," तो म्हणाला. "लहान गोष्ट न्हाय."

मी पदरानं तोंड पुसलं. नळ बंद केला.

"आता पंचाईत माझी," तो म्हणाला. "फादरपुढं कबूल करावं लागंल. म्हाताऱ्या माणसाला खोटं बोललो म्हणून."

"आणि फादर विचारतील, का बोललास?"

त्यानं कप ठेवला. कानाची पाळी लाल झाली होती. "त्याचं उत्तर अजून तयार न्हाय…"

तो गेला आणि आठवडाभर सगळं नीट चाललं. नेब्युलायझर चालत होतं, मिनू रात्री झोपत होती, कपाट मुकं. मी दिवसातून चारदा त्याला हात लावून बघायचे. काही बिघडत नव्हतं, आणि मला त्याचंच वाईट वाटत होतं. मग स्वतःवर राग यायचा. अण्णांसमोर ताट वाढताना मान वर करवत नव्हती.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात ग्लेन. इस्त्रीचा शर्ट, हातात टेस्टर नाही, वायर नाही.

"फादरनी विचारलं, का बोललास," तो म्हणाला. आवाज इतका खाली की जिन्यावरच्या पावसात बुडायला आला. "मी सांगितलं… टॉर्च धरणारीचा हात थरथरत होता. मला तो थांबवायचा होता."

मी दाराची कडी धरून उभी. त्याचं चर्च, माझं कुंकू, त्याचं उत्तन, आमची रत्नागिरी, मिनू… सगळं त्या एका उंबऱ्यावर दाटीनं उभं राहिलं.

"आता थांबलाय का हात?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"संपदा, कोण आहे गं?" आतून अण्णांनी विचारलं.

"ग्लेन आलेत, अण्णा."

"का? काय बिघडलं?"

उंदराचं नाव घेता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"काही नाही बिघडलं, अण्णा. तसेच आलेत. मला भेटायला."

टीव्हीवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. ग्लेन एक पायरी मागे सरकला. मी मान हलवून नको म्हटलं.

मग अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला, आणि दुसरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.